व्यापारी, शेतकरी आणि कमिशनर : जोतीराव फुले यांची भाकर आणि बाणा



आपल्या विहारात दरवर्षी ११ एप्रिलला जोतीरावांची आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती होते. भाषणे होतात. फुल्यांनी मुलींची शाळा काढली, हौद खुला केला, सत्यशोधक समाज काढला, हे आता वस्तीतल्या लहान पोरालाही पाठ आहे. मागे एकदा अशाच कार्यक्रमानंतर सतरंज्या गोळा करताना एका तरुणाने मला विचारले, "काका, हे सगळं खरं. पण फुले पोटापाण्याला काय करत होते? शाळा फुकट, हौद फुकट, मग घर कशावर चालायचं?"

मी चाळीस वर्षे चळवळीत वावरलेला माणूस, पण उत्तर देताना अडखळलो. "शेती वगैरे होती," असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर ते मनाला लागले. मग पुस्तके काढली, जुनी टिपणे चाळली. जे सापडले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवतो.

उत्तर खुद्द जोतीरावांनीच लिहून ठेवले आहे. १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमले. त्यापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी निवेदन दिले. त्यात स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज, पुणे, अशी दिली आहे. समाजसुधारक म्हटले नाही, ग्रंथकार म्हटले नाही. अगोदर व्यापारी, मग शेतकरी, मग कमिशनर. शिक्षणावर बोलायला आलेला माणूस आपला धंदा अगोदर सांगतो. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नाही. उलट, मी कष्टाने मिळवून खाणारा आहे म्हणून मला बोलण्याचा अधिकार आहे, असा त्याचा अर्थ मी घेतो.

कटगुणचे गोऱ्हे, पुण्याचे फुले

जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे. चरित्रकार सांगतात की त्यांचे पणजोबा गावचे चौगुले होते. कुलकर्ण्याशी वैर आले आणि गाव सोडावे लागले. पुरंदर तालुक्यातील खानवडीस घराणे आले. पुढे आजोबा शेटिबा यांच्या मुलांनी पुण्यात फुलांचा धंदा धरला. पेशव्यांच्या वाड्यात फुले, गजरे, हार पुरवायचे. धंद्यावरूनच फुले हे आडनाव पडले. म्हणजे या माणसाचे नावसुद्धा धंद्यातून आले आहे.

वडील गोविंदराव फुले-भाजीपाल्याचे दुकान चालवीत, शेती करीत. १८२७ साली जोतीरावांचा जन्म झाला. आई चिमणाबाई लहानपणीच वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी पोराला वाढवले. शाळेत घातले, पण दुकानातल्या कारकुनाने गोविंदरावांचे कान भरले की माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे आहे, शेतीच्या कामातून जाईल. पोराला शाळेतून काढले आणि हाती खुरपे दिले. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी वडिलांना समजावले, तेव्हा १८४१ मध्ये ते पुन्हा शाळेत गेले, स्कॉटिश मिशनच्या. १८४७ पर्यंत शिक्षण झाले.

मधली ती काही वर्षे वाया गेली असे आपण म्हणतो. मला तसे वाटत नाही. पाणी कसे द्यायचे, तण कुठे वाढते, बाजारात भाव कोण पाडतो, हे त्यांनी त्या वयात हाताने शिकून घेतले. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाची पहिली शाळा मळ्यातलीच होती.

घर सुटले, तेव्हा धंदा धरला

१८४८ मध्ये जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. लोकांनी गोविंदरावांवर दडपण आणले. १८४९ मध्ये बापाने मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. उस्मान शेख यांनी आसरा दिला. इथे जरा थांबून विचार करा. वडिलांचे दुकान गेले, शेती गेली, डोक्यावर छप्पर नाही, आणि शाळा तर चालवायच्या आहेत. वाकायचे नसेल तर स्वतःची भाकर स्वतः मिळवली पाहिजे. जोतीरावांनी ती मिळवली.

काही काळ त्यांनी मिशनच्या शाळेत मास्तरकी केली. १८६३ च्या सुमारास धातू ओतण्याचे साचे विकण्याची एजन्सी घेतली. पुढे बांधकामाची कंत्राटे घेऊ लागले. येरवड्याच्या पुलाचे काम, खडकवासल्याच्या धरणाला दगड, चुना आणि माल पुरवण्याचे काम त्यांच्याकडे होते. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' चालवली. आपल्या सोलापूरचा एकरुख तलाव, म्हणजे हिप्परग्याचा तलाव, १८७१ मध्ये पुरा झाला. तो काळच धरणे, पाट, पूल आणि आगगाडीचा होता. अशा कामांवर हजारो माणसे खपत. दगड फोडणारे, माती वाहणारे, चुन्याच्या घाण्यावरचे, सगळे शूद्रातिशूद्र. जोतीरावांनी हा कष्टकरी पुस्तकात पाहिला नव्हता, रोज सकाळी कामावर पाहिला होता.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. मी तेव्हा अगदी लहान, झाडाला बांधलेल्या झोळीत. आई सांगायची की खडीची रास मोजताना मोजणारा ती कमी भरवायचा, आणि हजेरीपटावर कामाला न आलेली नावे चढलेली असायची. आंगठा द्यायचा आणि मिळेल ते घ्यायचे. पुढे 'गुलामगिरी' वाचताना मला आईची आठवण झाली. १८७३ च्या त्या ग्रंथात जोतीरावांनी इंजिनियर खात्यातले कामगार-कारकून कशी लबाडी करतात त्यावर पद्यात फटकारे ओढले आहेत. शंभर वर्षांचे अंतर, पण हजेरीपट तोच! कंत्राटदार असल्याशिवाय हे आतले कसब त्यांना कळले नसते. आणि सरकारी कंत्राटदार असूनही त्यांनी ते छापले, हे विशेष. बिले त्याच खात्यातून निघायची होती ना!

मांजरीचा मळा

कंत्राटातून आलेल्या पैशांतून जोतीरावांनी पुण्याजवळ मांजरीला जमीन घेतली. खडकवासल्याचा पाट त्या बाजूने गेला होता. चरित्रकार सांगतात की सुरुवातीला शेतकरी पाटाचे पाणी घ्यायला कचरत होते. नव्या गोष्टीची भीती, पाणीपट्टीचा धाक, आणि सरकारवर विश्वास नाही. जोतीरावांनी भाषण देत न बसता स्वतःच्या जमिनीला पाणी घेतले. ऊस लावला, भाजीपाला आणि फळबाग केली. पीक उभे राहिले तेव्हा लोक बांधावर येऊन बघू लागले. शेतकऱ्याला पटवायचे असेल तर पीक दाखवावे लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

या मळ्यातूनच 'शेतकऱ्याचा असूड' आला, १८८३ साली. त्यात नुसती सावकार-भटांवर टीका आहे असे समजू नका. शेतकऱ्याचे घर, त्याचे धुराने काळे झालेले छप्पर, अंगावरचे फाटके, ताटातली भाकर, सगळे जवळून पाहून लिहिलेले आहे. आणि पुढे उपाय आहेत. डोंगरउतारावरचे पाणी आणि माती वाहून जाऊ नये म्हणून ताली आणि बांध घाला, तळी खोदा, लष्कर-पोलिसांच्या मोकळ्या वेळाचा त्यासाठी उपयोग करा. शेतीची चांगली जनावरे टिकवा, चांगल्या जातीची मेंढरे आणा. शेतीची प्रदर्शने भरवा, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण द्या. आज आपल्या सोलापूर जिल्ह्यात गावोगाव बांधबंदिस्ती आणि शेततळ्यांची कामे होतात. ती बघताना हे दीडशे वर्षांपूर्वी कुणी सांगितले होते, ते आपल्या मुलांना सांगा.

'असूड'चे पहिले काही भाग 'दीनबंधू' पत्रात छापले आणि पुढचे छापायचे थांबले. 'दीनबंधू' हे आपल्याच चळवळीचे पत्र, कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलेले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलेले. म्हणजे आपल्याच माणसांनासुद्धा ते लिखाण झेपले नाही. जोतीराव तरीही ठिकठिकाणी ते वाचून दाखवत राहिले.

कमाई गेली कुठे?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचा दुसरा भाग. एवढे धंदे केले, मग पैसा कुठे गेला?

हिशेब मांडू. १८६३ मध्ये फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते स्वतःच्या घरात. १८६८ मध्ये अस्पृश्यांना पाण्याचा हौद खुला केला, तो स्वतःच्या घरचा हौद. त्यासाठी कुणाकडे अर्ज करावा लागला नाही. हौद स्वतःचा असल्यामुळे अडवणार कोण? २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुरोहिताविना लग्ने लागली, त्यांचा खर्च, कोर्टकचेरी, छपाई. त्या कामात मुंबईचे तेलुगू भाषिक व्यापारी आणि कंत्राटदारही पाठीशी उभे राहिले. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळाजी काळेवार ही त्यांतली नावे. आपल्या सोलापुरात तेलुगू बांधव भिंतीला भिंत लावून राहतात, त्यांनाही हे सांगण्यासारखे आहे.

१८७६ ते १८७८ मध्ये दख्खनात मोठा दुष्काळ पडला. सोलापूर, विजापूर, नगर, पुणे, सातारा, सगळीकडे हाहाकार. आपले कितीतरी पूर्वज त्या दुष्काळात गाव सोडून निघाले असतील. सत्यशोधक मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या पोरांच्या भाकरीची सोय केली. सावित्रीबाई जुन्नर भागात फिरत होत्या. २० एप्रिल १८७७ चे ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले त्यांचे पत्र आजही उपलब्ध आहे. ज्या घराला स्वतःचा प्रपंच आहे त्या घराने दुसऱ्याच्या भुकेसाठी असे उभे राहणे सोपे नसते, बायाबापड्यांना ते मी सांगायला नको.

एकटा विरोधी हात

१८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेत सभासद होते. तेव्हा निवडणूक नव्हती, सरकार नेमायचे. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे जोतीराव म्हणाले. बत्तीस सभासदांत विरोध करणारे ते एकटेच.

आता बघा. सभासद सरकारने नेमलेले. कंत्राटे सरकारची. आणि विरोध खुद्द व्हाइसरॉयच्या स्वागताला! काही जण आज म्हणतात की फुले इंग्रजांचे मिंधे होते. मिंधा माणूस असा हात वर करतो काय? इंग्रजी राज्यामुळे शूद्रातिशूद्रांना शिकायची वाट मिळाली, हे ते मानत होते, ते लपवण्याचे कारण नाही. पण ज्याची कंत्राटे घेतली त्याचा हिशेब मागायला त्यांची जीभ अडखळली नाही. हंटर कमिशनपुढेही तेच. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो उच्च वर्णीयांच्या उच्च शिक्षणावर जातो, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. खेड्यातल्या मास्तराला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको आणि नांगर धरायला लाज न वाटणारी माणसे मास्तर म्हणून घ्या, असेही सुचवले.

२ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. हरि रावजी चिपळूणकर हे यजमान, जोतीरावांचे स्नेही. बडी मंडळी जरीचे कपडे आणि दागदागिने घालून आली. जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेषात. राणीच्या पोराला त्यांनी सांगितले की ही नटलेली माणसे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी रयत खेड्यात आहे, ती पाहा. त्या वेषात सोंग नव्हते. मांजरीच्या बांधावरचा तोच माणूस होता.

शेवटची दोन वर्षे

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यात कष्टकरी लोकांनी सत्कार करून त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. आणि लगेच जुलैमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. ज्या हाताने खुरपे, कंत्राटाचे कागद आणि लेखणी धरली तो हात गेला. तेव्हा जोतीराव डाव्या हाताने लिहायला शिकले. 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ त्या डाव्या हाताने पुरा झाला. तो छापून आला १८९१ मध्ये, ते गेल्यावर.

धंदा बसला होता. शिल्लक नव्हती. १८९० मध्ये मामा परमानंदांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे या कुटुंबाच्या मदतीसाठी पत्र लिहावे लागले. ज्या माणसाने अर्ध्या पुण्याला पाणी आणि अक्षर पाजले, त्याच्या औषधपाण्यासाठी दुसऱ्याला शब्द टाकावा लागला. हे वाचताना मला आमच्या चळवळीतले कितीतरी कार्यकर्ते आठवले. सभेत पहिली रांग, मोर्चात पुढे, आणि आजारी पडल्यावर मिळाली तर सरकारी दवाखान्याची कॉट. आपण पुतळ्याला हार घालतो. पण कार्यकर्त्याच्या घरी चूल पेटली का, हे विचारत नाही. ही चूक आपली आहे, ती कबूल करू या.

मृत्युपत्र त्यांनी अगोदरच, १८८७ मध्ये, करून ठेवले होते. दत्तक मुलगा यशवंत हा वारस. पण तो नालायक निघाला तर मालमत्ता शूद्रादी समाजातल्या लायक मुलाला द्यावी, अशी व्यवस्था लिहिली. रक्तापेक्षा लायकी पाहणारा असा बाप विरळा.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी पहाटे जोतीराव गेले. देह मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती. घरामागे खड्डाही तयार होता. नगरपालिकेने परवानगी दिली नाही. ज्या नगरपालिकेत ते सभासद होते, तिनेच! मग दहन करायचे ठरले. यशवंत दत्तक, त्याला टिटवे धरण्याचा हक्क नाही, म्हणून भाऊबंद आडवे आले. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी टिटवे हाती घेतले आणि नवऱ्याच्या अंत्ययात्रेपुढे चालू लागल्या. पुढे सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. या घराने कमावले ते असे खर्ची पडले.

आपण काय घ्यायचे?

बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत जोतीरावांना आपले गुरू मानले. १९४६ मधला 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ त्यांना अर्पण केला. गुरूची सगळीच शिकवण घ्यायची, सोयीची तेवढी नव्हे.

एक स्वतःची गोष्ट सांगतो. मी ज्या गिरणीत होतो ती मध्यंतरी कित्येक महिने बंद पडली. घरात चार तोंडे. मंडईतून भाजी उचलून गाडा लावला. खरे सांगतो, मला लाज वाटायची. ओळखीचे कुणी दिसले की मी तोंड फिरवायचो. चळवळीतला माणूस आणि कोथिंबिरीच्या जुड्या विकतो! बायको म्हणाली, "चोरी करतोय का आपण?" तिने जोतीरावांचे चरित्र वाचलेले नव्हते, पण तिला ते माझ्याआधी समजले होते. आज कळते की ज्यांचा फोटो मी भिंतीला लावला होता त्यांच्या बापाचे भाजीचेच दुकान होते, आणि ते स्वतः कमिशनपुढे छाती पुढे काढून व्यापारी म्हणवून घेत होते.

आपल्या वस्तीत अजून असे मानतात की धंदा हे आपले काम नव्हे, नोकरी लागली तरच पोरगं मार्गी लागलं. नोकरी जरूर मिळवा, तो आपला हक्क आहे, तो सोडायचा नाही. पण नोकऱ्या आटत चालल्या आहेत आणि सोलापूरच्या मोठ्या गिरण्यांचे काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पोराने दुकान टाकले, पोरीने शिवणकामाचे युनिट काढले, कुणी छोटे कंत्राट घेतले, तर नाक मुरडू नका. पहिले गिऱ्हाईक तुम्ही व्हा. उधारी वेळेवर फेडा. आणि ज्याचा धंदा चालला त्याने विहाराकडे, वस्तीतल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांकडे पाठ फिरवू नये. जोतीरावांचा धंदा या दोन्ही टोकांना धरून होता. दुसऱ्याचे मिंधे व्हायचे नाही म्हणून कमवायचे, आणि कमावलेले एकट्याने खायचे नाही.

त्या तरुणाला आता माझे उत्तर असे आहे. बाळा, फुले भाजी आणि ऊस पिकवत होते, दगड-चुना पुरवत होते, साचे विकत होते. त्यांची भाकर त्यांच्या हातची होती. म्हणून बत्तीस जणांत एकट्याने हात वर करताना तो हात थरथरला नाही.

जय जोती! जयभीम!